आत्याची सही

परवा भाचा आला होता. हातात कोळवणचा तांदूळ, तोही आंबेमोहोर. तेव्हाच मला शंका आली! चहा झाल्यावर पिशवीतून कागद निघाला. हक्कसोडपत्र. रस्त्याकडेचं आमचं खाचर विकायचं, हिंजवडीला फ्लॅट घ्यायचा, कमी पडेल तेवढं कर्ज काढायचं आणि मग, "आत्या, बसून भाडं खायचं."

२००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला, म्हणून माझी सही लागते. एरवी कोण विचारतंय? असो.

तसा त्याचा विचार अगदीच जगावेगळा नाही. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यातली. तिथे आयटी पार्क आलं आणि कालपर्यंत भात लावणारे लोक घरमालक झाले. पिरंगुटला कारखान्यांतल्या कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या काढून आमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांचं छान चाललंय. पण त्यांनी जमीन ठेवून तिच्यावर खोल्या बांधल्या. हा जमीन देऊन वर कर्ज घेणार!

मी पाठकोरा कागद घेतला. समजा फ्लॅट ७० लाखांचा. त्यात ४० लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण ३४,७०० रुपये. भाडं धरलं २२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, एजंटची दलाली, एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंतचा रिकामा महिना, रंग. म्हणजे दरमहा पंधरा हजार तरी खिशातून जाणार. बसून खायचं कुठे, उभं राहून भरायचं!

"पण आत्या, किंमत वाढेल ना!"

वाढेलही. पण मग त्याला भाव वाढायची वाट बघणं म्हणावं, भाड्याचं उत्पन्न म्हणू नये. आणि ती वाट तर आपलं खाचरही बघतंच आहे, तेही बिनहप्त्याचं.

माझ्या सासरी पुण्यात वाडा होता. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली. एका बिऱ्हाडाचं महिन्याचं भाडं आमच्या विजेच्या बिलापेक्षा कमी, आणि कौलं गळाली की हाक मात्र सासूबाईंनाच. लोकांना वाटायचं, काय बाई श्रीमंत, वाडा आहे!

आता तसं राहिलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार करता येतो. पण तो लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. भाच्याला विचारलं, तर म्हणतो, "नोटरी केली की झालं ना?"

इथेच मी कागद घडी करून कपाटात ठेवला.

मी नाही म्हटलेलं नाही. (वहिनी, तू हे वाचणार, म्हणून मुद्दाम लिहितेय!) आमचा कोथरूडचा वन बीएचके पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. किल्ली त्याला दिली. एक वर्ष तूच मालक, म्हटलं. भाडेकरू तू शोध, करार तू नोंदव, पोलिसांकडे माहिती तू दे, डिपॉझिट परत करताना भिंतीच्या खिळ्यांवरून भांडणही तूच कर. भाडं माझं, पण दर महिन्याचा जमाखर्च तू लिहायचा. मग वही घेऊन ये, आपण सहीचं बोलू.

दादाला हे आवडलेलं नाही. गिऱ्हाईक थांबणार नाही, म्हणाला. आईने त्याच खाचरात लावणी करत आम्हाला वाढवलं, हे मी त्याला सांगायला गेले नाही, त्याला ते माझ्याहून जास्त ठाऊक आहे. फोन मात्र त्याने लवकर ठेवला.

किल्ली भाच्याने नेली आहे. आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हा, की बाथरूममधला नळ गळतो, तो कोणी दुरुस्त करायचा?