कोटेशन शेवटच्या ओळीपासून वाचा

कराडला माझं दुकान आहे, कॉम्प्युटर असेंबल करून देण्याचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जुनं मशीन बाजूला ठेवून नवं घेणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. येणाऱ्याच्या मोबाइलवर बहुतेक वेळा कुठल्या तरी दुकानाचं कोटेशन तयार असतं. पहिली ओळ प्रोसेसरची, मग ग्राफिक कार्ड, मग रॅम, मग एसएसडी. इथपर्यंत कंपनी, मॉडेल, क्षमता सगळं नीट लिहिलेलं. पुढे तपशील आटत जातो आणि शेवटच्या दोन ओळी अशा असतात : ‘कॅबिनेट आरजीबी, चार फॅन’ आणि ‘एसएमपीएस ४५० वॅट’. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, वॉरंटी किती तेही नाही. मी ते कोटेशन शेवटच्या ओळीपासून वाचायला घेतो. घरात चार कामांसाठी कॉम्प्युटर घेणाऱ्या प्रत्येकाने ते तसंच वाचावं, आणि पैसेही त्याच क्रमाने लावावेत, असं माझं ठाम मत आहे.

त्याला कारण आहे. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड हे भाग जुने होतात, बदलले जातात, वाढवले जातात. एसएमपीएस, मदरबोर्ड, कॅबिनेट, मॉनिटर आणि कीबोर्ड मात्र घरात मुक्कामाला येतात. मशीन फक्त टॅलीसाठी किंवा फक्त गेमसाठी असेल तर हा फरक फारसा जाणवणार नाही. पण घरातलं मशीन दर दोन-तीन वर्षांनी नवं काम अंगावर घेतं. आज पोराचा अभ्यास, उद्या व्हिडिओ एडिटिंग, परवा आणखी काही. पुढे कोणतं काम येणार हे आज कुणालाच सांगता येत नाही. ते येईल तेव्हा झेपेल एवढा पाया मात्र आज घालून ठेवता येतो.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, हातात घेऊन त्याच्या कुशीवरचा स्टिकर वाचा. त्यावर छोटा तक्ता असतो. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने आणि त्यांच्याखाली अँपिअर. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या रकान्यातून घेतात. म्हणून त्याच रकान्यातल्या अँपिअरला १२ ने गुणायचं. हजाराच्या आत मिळणाऱ्या ‘४५० वॅट’च्या एका डब्यावर तिथे १६ अँपिअर छापलेले मी गिऱ्हाइकांना दाखवतो. गुणाकार होतो १९२ वॅट. शेजारी ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा ५५० वॅटचा एसएमपीएस ठेवतो, त्यावर ४४ अँपिअर, म्हणजे ५२८ वॅट. दोन्ही हातात घेतले तरी वजनावरून कळतं. आता हिशोब करा. आरटीएक्स ४०६० हे मध्यम कार्ड ११५ वॅटपर्यंत घेतं आणि रायझन ५ ७६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत जातो. या दोघांचेच झाले २०३. पंखे, हार्ड डिस्क, बोर्ड अजून धरलेलेच नाहीत.

अशा डब्याला ग्राफिक कार्डाची आठ पिनांची वायरही बहुधा नसते. मग जुन्या चार पिनांच्या कनेक्टरला जोड लावून काम भागवलं जातं. रात्रभर रेंडरला लावलेलं मशीन सकाळी बंद सापडलं आणि खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास आला, की तो बहुतेकदा याच जोडाचा असतो. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये एसएमपीएस जाताना बोर्ड किंवा हार्ड डिस्क सोबत घेऊन गेलेला मी पुष्कळदा पाहिलाय. एका फोटोग्राफरचे दोन सीझनचे लग्नाचे फोटो असे गेले. डिस्क नवी मिळते, ते फोटो मिळत नाहीत.

ब्रॉन्झ, गोल्ड या शब्दांबद्दलही थोडा गैरसमज आहे. ८० प्लसचं हे प्रमाणपत्र वीज किती वाया जाते एवढंच सांगतं. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्रॉन्झ ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के वीज कामी लावतो. जादा व्होल्टेज किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर तो वेळेत बंद पडेल की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी डब्यावर कोणकोणती संरक्षणं लिहिली आहेत ते बघा आणि वॉरंटी बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी आतला माल सहसा पारखूनच वापरते.

आमच्याकडे यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे अर्थिंग. ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, तुमचा एसएमपीएस खराब आहे’ अशी तक्रार पाटण, मसूर, उंब्रजकडून सतत येते. चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारी दोन कपॅसिटरं फेज आणि न्यूट्रलवरून पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडलेली असतात. घरात अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी थोडा, पण हाताला कळतो. दोष भिंतीवरच्या विजेच्या बोर्डातल्या सॉकेटचा असतो. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की हेच अर्थिंग मशीन वाचवायला मदत करतं. म्हणून मी आधी वायरमनला बोलवायला सांगतो आणि मग ऑर्डर घेतो. काहींना ते आवडत नाही, पण मला त्यात तडजोड करता येत नाही.

दिवाळीनंतर एक कुटुंब आलं होतं. वडिलांचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम, म्हणजे कोरलड्रॉ आणि श्रीलिपी. आई दोन दुकानांची टॅली बघते. मुलीने अ‍ॅनिमेशनला नुकताच प्रवेश घेतलेला. तिघांत एक मशीन. त्यांच्या कोटेशनमध्ये आय५ १२४००एफ, स्वस्तातलं जुनं ग्राफिक कार्ड, एच ६१० बोर्ड, आणि शेवटी ती नेहमीची ओळ. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असला की त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय नसते. कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी, आणि ऐन लग्नसराईत वडिलांचं काम ठप्प. एच ६१० वर रॅमचे दोनच स्लॉट. शिवाय त्या बोर्डावरचा प्रोसेसरचा सॉकेट, एलजीए १७००, इंटेलने २०२१ ला आणला आणि २०२४ ला त्याच्या जागी दुसरा दिला. पुढे वाढायची वाट तिथे फार लांब जात नाही.

मी त्यांना रायझन ५ ७६०० सुचवला, बी ६५० बोर्ड, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस. ग्राफिक कार्ड नाही.

मुलगी हिरमुसली. म्हणाली, “काका, कार्डच नाही तर ब्लेंडर चालणार कसं?”

“पहिलं वर्ष मॉडेलिंग शिकण्यात जाईल, बाळा. त्याला प्रोसेसरमधलं ग्राफिक पुरतं. रेंडरला वेळ लागेल, तेवढा लागू दे. दुसऱ्या वर्षी कार्ड घेशील तेव्हा ते नुसतं लावायचं, आणि त्याची वायर या एसएमपीएसला आधीच आहे.”

वडिलांना ते पटलं, कारण कार्डाचे पैसे आज वाचले. मला समाधान वेगळंच होतं. तेव्हा ती कार्ड निवडेल ते आपल्या कामाकडे बघून निवडेल. ब्लेंडरच्या मोठ्या सीनला कार्डावरची मेमरी जास्त लागते, हे तोवर तिचं तिला कळलेलं असेल.

रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या सॉकेटवर माझा भर आहे, त्याला अनुभवाचा आधार आहे. २०१७ च्या रायझनसाठी घेतलेल्या कित्येक एएम४ बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी चालला. बोर्ड तोच, कॅबिनेट तेच, एसएमपीएस तोच. पाच वर्षांनी मशीन एका चिपमध्ये तरुण झालं. २०२२ ला आलेल्या एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ असं कंपनीने सांगितलंय. सामान्य घरासाठी माझ्या दृष्टीने ही सर्वांत मोठी बचत आहे.

रॅमचं सध्या अवघड झालंय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि २०२५ च्या शेवटी भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना माल विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅमला पैसे जास्त गेले की कात्री कुठे लागते? शेवटच्या ओळीला. हे थांबायला हवं. कात्री लावायचीच तर रॅमलाच लावा. एरवी मी एकाऐवजी दोन सारख्या स्टिक लावा म्हणतो, कारण दोन वाटांनी डेटा जातो आणि कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा चांगला फायदा होतो. आज मात्र १६ जीबीची एकच स्टिक घ्या, दुसरी भाव उतरल्यावर. ८ च्या दोन घेऊन पुढे आणखी दोन टाकू, असा बेत डीडीआर ५ मध्ये करू नका. चार स्टिक बसल्या की वेग बराच खाली येतो.

कॅबिनेटला पुढून जाळी हवी, काच नको. जाळीमागचा फिल्टर काढून धुता यावा, धूळ आपल्याकडे कमी नाही. मॉनिटर दुकानात जाऊन स्वतः बघा. पत्रिकेचा लाल रंग स्क्रीनवर वेगळा आणि कागदावर वेगळा आला की नुकसान पत्रिका करणाऱ्याचंच. दिवसभर टायपिंग असेल तर मेकॅनिकल कीबोर्ड घ्या.

दुकानदार बांधवांनाही माझं सांगणं आहे. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल आणतो, भावाची रस्सीखेच मला ठाऊक आहे. शेजारच्यापेक्षा दोन हजार कमी दाखवायचे तर ते कुठून काढायचे, हेही ठाऊक आहे. तरीही बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहिलंच पाहिजे, एसएमपीएसचंसुद्धा, सीरियल नंबरासकट. गिऱ्हाइकाने जीएसटीचं पक्कं बिल मागावं आणि भागांचे खोके घरी न्यावेत. मॉडेल सांगायला टाळाटाळ झाली तर तिथे घेऊ नये. जुळणी झाल्यावर कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून दाखवा म्हणावं, आणि स्टिकर बिलाशी ताडून बघावा.

पैसे अगदीच कमी पडत असतील तर काही भाग जुने घ्यायला माझी हरकत नाही. प्रोसेसर सहसा झिजत नाही; पिनांचा असल्यास पिना सरळ असतील आणि तासभर भार टाकून चालवून दाखवला तर खुशाल घ्या. रॅमही चालेल, एक रात्र मेमरी टेस्ट लावून. जुनं ग्राफिक कार्ड ओळखीच्या माणसाकडून घ्या, समोर गेम किंवा रेंडर चालवून. एसएसडी जुनी घेऊ नका, तिच्यावर किती लिहून झालंय ते सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, पण विकणारा दाखवतोच असं नाही. आणि जुना एसएमपीएस कुणी फुकट दिला तरी घरी आणू नका.