खेळायला येतेस का?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशिनपाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘काय मग, वीकएण्डला काय केलंस?’ उत्तरही हमखास तेच. ‘काही नाही यार, झोप काढली.’ विचारणाऱ्याला उत्तरात इंटरेस्ट नसतो, सांगणाऱ्याला प्रश्नात. कप भरला की विषय संपला! हाच प्रश्न कुणी कोरियन भाषेत विचारला, तर मात्र जाम पंचाईत होते.

का ते सांगते. गेलं वर्षभर मी पुण्यात संध्याकाळच्या बॅचला कोरियन शिकतेय. वर्गात एकसे एक नमुने. चाकणला नोकरी करणारा एकजण, ज्याला कोरियन साहेबाशी थेट बोलायचंय. सबटायटल्स वाचून कंटाळलेली एक सीए. दोन कॉलेजकन्यका, ज्यांच्या वहीच्या कव्हरवर कोण आहे हे मी सांगायला नकोच. आणि मी, फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे घरच्यांच्या मते, जिला वेळच वेळ असतो ती!

तर फावल्या वेळेचा धडा आला. बाईंनी विचारलं, ‘जुमारे म्वॉ हेस्सॉयो?’ वीकएण्डला काय केलंत? पाठ केलेलं उत्तर सगळ्यांचं एकच, ‘चिबेसॉ श्विऑस्सॉयो.’ घरी आराम केला. बाई तिथे थांबल्या नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘नुगुरांग?’ कुणाबरोबर? एकापाठोपाठ एक उत्तरं आली, ‘होन्जायो.’ एकट्यानेच. चौथ्या-पाचव्या ‘होन्जायो’नंतर वर्गात जी शांतता पसरली ना, ती व्याकरणाची नव्हती.

त्या धड्यातलं मुख्य क्रियापद आहे ‘नोल्दा’. सरळ अर्थ, खेळणे. आपल्याकडे खेळणं दहावीला संपतं. त्यानंतर आपण ‘भेटतो’, ‘बाहेर जातो’, फार तर ‘टाइमपास करतो’. कोरियन माणूस मात्र पस्तिशीतही बिनधास्त म्हणतो, ‘चिन्गूरांग नोरास्सॉयो.’ शब्दशः, मित्राबरोबर खेळलो. प्रत्यक्षात दोघांनी कॉफी पीत तीन तास गप्पा मारलेल्या असतात! घरी बोलवायचं तर ‘नोल्लॉ वा’, म्हणजे खेळायला ये. सुट्टीचा दिवस म्हणजे ‘नोनून नाल’, खेळायचा दिवस. आहे की नाही सॉलिड?

आणि हा खेळायचा दिवस त्यांना आयता मिळालेला नाही, बरं का. दक्षिण कोरियात पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला तो जुलै २००४ पासून, तोही आधी मोठ्या कंपन्यांत आणि मग टप्प्याटप्प्याने. आठवड्याला जास्तीत जास्त ५२ तास काम, म्हणजे ४० नेहमीचे आणि १२ ओव्हरटाइमचे, ही मर्यादा लागू व्हायला जुलै २०१८ उजाडला. त्यात ऑफिसनंतर साहेबासोबतचं जेवण, ज्याला ते ‘होएशिक’ म्हणतात, ते वेगळंच. तिथे ग्लास कितीही भरले तरी ती ड्युटीच. खेळायचं ते आपल्या माणसांत!

आपली माणसं कोण, याचेही नियम आहेत. ‘चिन्गू’ म्हणजे मित्र, पण साधारणपणे आपल्याच वयाचा. थोडी मोठी मैत्रीण मुलीसाठी ‘ऑन्नी’ होते आणि मुलासाठी ‘नूना’. मोठा मित्र मुलीसाठी ‘ओप्पा’, मुलासाठी ‘ह्यॉंग’. आपल्या ताई-दादासारखंच की! ओळख झाल्या झाल्या वय विचारतात, तो भोचकपणा नसतो. त्याशिवाय हाक कशी मारायची तेच कळत नाही. मग ओळख मुरली की एक दिवस कुणीतरी विचारतं, ‘आता माल नोथा करायचं का?’ माल म्हणजे बोलणं, नोथा म्हणजे खाली ठेवणं, सोडणं. आदरार्थी बोलण्याचं ओझं खाली ठेवायचं! मराठी माणसाला हे लगेच कळतं. ‘अहो-जाहो कसलं करतेस, अगं म्हण ना’, हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतंच.

आणखी एक वाक्य आपल्याला ओळखीचं वाटेल. ‘ऑन्जे बाप हानबॉन मॉक्चा.’ (बाप म्हणजे भात किंवा जेवण, गैरसमज नको!) अर्थ, कधीतरी एकदा जेवूया. हे ऐकून कुणी डायरी काढत नाही. तो नुसता निरोपाचा गोडवा. आपलं ‘ये ना एकदा घरी’ असतं, तस्संच. दोन्हीकडे ‘एकदा’ हा शब्द आला, की समजायचं, भेट काही होत नाही.

खरंच भेटायचं असेल तर शब्द वेगळा. ‘याक्सोक’. याचा एक अर्थ वचन आणि दुसरा अर्थ कुणाला तरी भेटायचं ठरलेलं असणं. दोन्हीला एकच शब्द! ‘शनिवारी मोकळी आहेस?’ असं विचारल्यावर ‘याक्सोक इस्सॉयो’ म्हटलं की समोरचा आग्रह करत नाही. ठरलंय म्हणजे ठरलंय. आपण मैत्रिणीला दिलेली वेळ ‘आज जरा अडकलेय गं, नेक्स्ट वीक नक्की’ म्हणून किती सहज पुढे ढकलतो, ते आठवा.

या धड्याच्या होमवर्कला दहा वाक्यं लिहायची होती, मित्राबरोबर घालवलेल्या वेळेवर. म्हटलं, वाक्यं लिहायला आधी वेळ तर घालवूया. हॉस्टेलमधल्या रूममेटला फोन केला. ती खराडीला, मी कोथरूडला. शहर एकच, पण सात महिन्यांत भेट नाही. वॉट्सअॅप ग्रुपवर मात्र रोज हजेरी. ‘शनिवारी, पाच वाजता, तुझ्या गच्चीवर,’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘काही विशेष?’ मी म्हटलं, ‘काही नाही गं, खेळायला येतेय.’

सोलमध्ये असते तर हान नदीकाठच्या पार्कात चटई टाकून फ्राइड चिकन आणि बिअर मागवली असती. त्या जोडीला त्यांनी ‘चिमेक’ असं लाडकं नाव दिलंय. आम्ही गच्चीवर सतरंजी टाकली आणि भेळ खाल्ली. पहिला तास जुन्या रेक्टरबाईंच्या नकलांत गेला. दुसऱ्या तासाला ती शांतपणे म्हणाली, ‘अगं, मला दोन महिन्यांपूर्वी काढून टाकलं. घरीच बसलेय.’ या दोन महिन्यांत ग्रुपवर तिने सगळ्यांच्या वाढदिवसाला केकचे इमोजी पाठवले होते. नोकरी गेल्याचं टाइप करायला तिला जमलं नव्हतं. कुणीतरी समोर बसल्यावर, भेळ संपल्यावर आणि पहिले सगळे विनोद करून झाल्यावरच ते बाहेर आलं.

गंमत बघा, ‘नोल्दा’चा आणखी एक अर्थ आहे. काम नसणं, रिकामं असणं. ‘नोल्गो इस्सॉयो’ म्हणजे खेळतेय, आणि नोकरी नसलेल्याने म्हटलं तर ‘घरी बसलोय’. मी तिला ते सांगितलं. ती बऱ्याच दिवसांनी हसली असावी. ‘म्हणजे आपण दोघी नोल्दाच,’ ती म्हणाली. नंतर रात्री साडेदहापर्यंत बसून आम्ही तिचा बायोडेटा नवा केला. नोकरी अजून लागलेली नाही. पण आता दर दुसऱ्या शनिवारी आमचं याक्सोक आहे आणि ते दोघींनीही एकदासुद्धा मोडलेलं नाही.

तर मंडळी, कोरियन शिका किंवा शिकू नका. एक छोटं व्याकरण मात्र फुकट घेऊन जा. त्यांच्या क्रियापदाला शेवटी ‘जा’ लागला की तो ‘चला, करूया’ होतो. मान्नाजा म्हणजे भेटूया. नोल्जा म्हणजे खेळूया. आपल्या ‘ऊया’सारखंच. फक्त त्याच्या आधी ‘एकदा’ लावू नका. वार लावा, वेळ लावा, जागा लावा. आणि समोरून ‘काही विशेष?’ असं आलं, तर बिनधास्त सांगा, काही नाही, खेळायला येतोय!