कचेरीतला आनंद आणि त्याचा केर

पर्यावरणाविषयीची आस्था कर्मचाऱ्यांच्या मनात परिपत्रकाने उतरवता येते, अशी आपल्या शासनयंत्रणेची फार जुनी श्रद्धा आहे. आणि म्हणूनच जून महिना उजाडला, की बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणापासून तो तालुक्यातल्या शेवटच्या कचेरीपर्यंत प्रत्येक आवक बारनिशीत, वृक्षारोपण करावे व त्याची छायाचित्रे वरिष्ठांकडे विनाविलंब सादर करावीत, अशा आशयाचे एक पत्र रीतसर नोंदले जाते. त्याबरहुकूम खड्डा खणला जातो, रोप लागते, छायाचित्र रवाना होते, आणि पुढल्या वर्षी त्याच खड्ड्याला पुन्हा माती लावण्याचा योग येतो, हा विनोद आता इतका जुना झाला आहे की सांगणाऱ्यालाही त्याचे हसू येत नाही. आनंद मात्र त्याच कचेरीत निराळ्या वाटेने येतो. त्याला जावक क्रमांक लागत नाही, वर्गणी पुरते.

कुणाचा वाढदिवस असतो, कुणाला पदोन्नती मिळालेली असते, कुणी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत असतो. चारच्या सुमारास दोन टेबले एकमेकांस भिडवली जातात, त्यांवरचे दप्तर खिडकीच्या फळीवर हलते, केकच्या खोक्याची दोरी सुटते, डब्यातून फुसफुसत निघणारा तो पांढरा फेस उत्सवमूर्तीच्या केसांत जातो, थर्माकोलच्या ताटल्यांतून समोसे फिरतात, आणि अर्ध्या तासात ज्याचा तो आपापल्या फायलीकडे परततो. मागे चमकीचा कागद, फुग्यांच्या चिंध्या, दोन घोट पिऊन ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या, तेलकट ताटल्या आणि पुष्पगुच्छावरचे ते कुरकुरणारे पारदर्शक वेष्टन एवढा ऐवज उरतो. तो उचलण्याचे काम ज्या मावशींकडे येते, त्यांना केकचा तुकडा बहुधा मिळतो. पण त्यांचा स्वतःचा वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो, याची चौकशी त्यांच्या कंत्राटी नोकरीच्या इतक्या वर्षांत कुणी केलेली नसते.

वस्तुतः या ऐवजातील कित्येक जिनसांना कायद्याने मज्जाव आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर जी बंदी लागू केली, तिच्या यादीत फुग्याच्या प्लॅस्टिक काडीपासून मिठाईच्या खोक्यावरील पातळ वेष्टनापर्यंत बारीकसारीक गोष्टी नावानिशी लिहिलेल्या आहेत. आणि २ ऑक्टोबर २०२० पासून चालू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात तर भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशा पंचमहाभूतांना साक्षी ठेवून गावांचे व शहरांचे गुणांकन होते. म्हणजे हुकमांची वाण कोठेच नाही. वाण आहे ती गोडीची. आणि गोडी ही वस्तू कोणत्याही शासननिर्णयाच्या परिशिष्टात जोडता येत नाही.

ही गोडी काय करू शकते, याचा दाखला आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. पानी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने (हे जिजाऊंचे सिंदखेडराजा नव्हे) साताऱ्याच्या भांडवली गावाबरोबर राज्यातले दुसरे पारितोषिक विभागून मिळवले. एप्रिल-मेच्या त्या पंचेचाळीस दिवसांत, वऱ्हाडातले ऊन ज्याने अंगावर घेतले आहे त्यालाच ज्याची कल्पना येईल अशा काहिलीत, लोकांनी कुदळी-फावडी घेऊन चर खणले आणि बांध घातले, आणि तेही मजुरीवाचून. स्पर्धेत उतरलेल्या गावोगावी हलगी वाजत होती, गाणी चालली होती, म्हाताऱ्या बाया पाटी उचलताना एकमेकींची थट्टा करत होत्या, काही ठिकाणी तर नवरा-नवरी अक्षता पडल्यावर तडक श्रमदानाला आली. आणि १ मे रोजीच्या महाश्रमदानासाठी शहरांतले नोकरदार ‘जलमित्र’ म्हणून नावे नोंदवून सुटीच्या दिवशी खेड्यांत उतरले. एरवी जो कारकून स्वतःच्या टेबलावरची धूळ झाडायला शिपायाची वाट पाहतो, तोच तेथे हाताला फोड येईपर्यंत माती उपसत होता आणि संध्याकाळी ते फोड कौतुकाने दाखवत होता. स्पर्धेची ईर्षा त्यात होतीच, बक्षिसाचा लोभही असेल. पण ईर्षेने पंचेचाळीस दिवसांची पहाट होत नाही, तेथे सोबतच लागते.

शेगावचे उदाहरण याहून जुने आणि मला वाटते अधिक खोल आहे. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, ही कथा विदर्भातल्या पोराटोरांनाही पाठ आहे. आणि ज्या क्षेत्राचा आरंभच टाकलेल्या अन्नाच्या आदराने झाला, त्या क्षेत्रात आज हजारो सेवाधारी पाळीपाळीने येऊन झाडलोट करतात, उष्टी ताटे उचलतात, आणि भाविकाला ‘माउली’ म्हणून हाक मारतात. संस्थानाचे विश्वस्त कै. शिवशंकरभाऊ पाटील यांनी लावलेली ही शिस्त पाहायला देशभरचे लोक येतात आणि व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत तिचे वर्णन करू पाहतात. परंतु आपल्या गावी दुकान किंवा हुद्दा असलेला मनुष्य तेथे हातात झाडू घेऊन इतका प्रसन्न का दिसतो, याचे उत्तर त्या परिभाषेत सापडत नाही. योगायोग असा, की ज्यांनी दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनात त्याच गावाला हसवले आणि रडवले, त्या गाडगेबाबांचा जन्मही शेजारच्या अमरावती जिल्ह्यात २३ फेब्रुवारीलाच, १८७६ साली, झाला. बाबांचे कीर्तन हे झाडण्याचे बक्षीस नव्हते आणि झाडणे ही कीर्तनाची फी नव्हती; दोन्ही मिळून एकच दिवस होता.

आमच्या कचेऱ्यांनी नेमकी हीच जोडणी तोडली आहे. काम एका रकान्यात, करमणूक दुसऱ्या रकान्यात, स्वच्छता तिसऱ्या रकान्यात आणि तिच्यासमोर कंत्राटदाराचे नाव. मोठ्या शहरांतल्या खासगी कंपन्यांनी तर शुक्रवारच्या हास्यविनोदासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्यापर्यंत मजल मारली आहे; हुकमावरून हसणे आपल्याकडे अजून आले नाही, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. पण म्हणून वाढदिवस बंद करा, असे म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींच्या पंगतीत मी बसणार नाही. आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे जेथे जायची, तेथे माणसाने हसू नये तर कोठे हसावे?

शिवाय न सांगता लागलेल्या चांगल्या सवयीही येथेच आहेत, फक्त त्यांना कुणी पर्यावरणाचे नाव दिलेले नाही. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही तेथे रेल्वे नाही, आणि मलकापूर, खामगाव, चिखली येथून रोज ‘अपडाऊन’ करणारे कर्मचारी पुष्कळ. त्यांतले चौघेजण मिळून एक गाडी करतात, पेट्रोलचा हिशेब महिनाअखेरीस वहीत मांडतात, आणि राजूर घाट चढता चढता बदल्यांच्या बातम्यांपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळ्याचा निकाल लावतात. तिघांच्या गाड्या घरी राहिल्या, इंधन वाचले, धूर वाचला. पण यांतल्या एकालाही विचारा, तो पहिल्याने सोबतीचेच नाव घेईल. पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून अमलात आला तेव्हा वीज, पाणी व इंधन यांची बचत हे त्याचे एक समर्थन होते. आमच्या या अपडाऊनवाल्यांनी ती बचत शासनाच्या आधीच सुरू केली होती. खामगावकडून येणारी मंडळी मात्र ज्ञानगंगा अभयारण्याच्या रस्त्याने येतात. टिपेश्वर अभयारण्यातून महिनोन्‌महिने चालत आलेला वाघ २०१९ साली जेथे येऊन थांबला, ते हे जंगल. त्याच्या कडेला चालत्या गाडीतून वेफरची रिकामी पाकिटे भिरकावली जातात, तेव्हा सोबतीचा आनंद काचेबाहेर कसा संपतो तेही दिसते.

चहाची गोष्ट जरा अवघड आहे. कागदी कप निरुपद्रवी, अशी समजूत करून घेऊन आपण काच आणि चिनीमाती कचेरीबाहेर घालवली. या कपाच्या आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, आणि खरगपूरच्या आयआयटीने २०२० साली दाखवून दिले, की शंभर मिलिलिटर गरम पाणी त्यात पंधरा मिनिटे राहिले तर प्लॅस्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. यावर प्रत्येकाने आपला कप आणावा, हा उपाय कुणालाही सुचेल, आणि तो पुष्कळ ठिकाणी करूनही पाहिला जातो. पहिला आठवडा उत्साहाचा. कुणी कपावर नाव लिहितो, कुणी नातवाचे चित्र छापून आणतो. दुसऱ्या आठवड्यात तळाशी साखर वाळलेले कप टेबलांवर दिसू लागतात, तिसऱ्यात ते धुण्याचे काम शिपायाच्या गळ्यात पडते, आणि चौथ्यात तोच बिचारा, स्वतःच्या सोयीसाठी, कागदी कपांची चळत घेऊन येतो. त्याला दोष कोण देईल? निरोपाच्या वेळी पुष्पगुच्छाऐवजी दिल्या जाणाऱ्या रोपट्याचेही तसेच आहे. पाणी घालणारा ठरलेला नसला, की त्याची कुंडी कपाटावर वाळून जाते.

म्हणून माझी सूचना परिपत्रकाची नाही, रोडग्यांची आहे. सुगी आटोपली, की कुणातरी सहकाऱ्याच्या मळ्यात जमून रोडगे करण्याची आपली वऱ्हाडी चाल अजून जिवंत आहे. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरायचे, वर टरारून साल आली की बाहेर काढून राख झटकायची, हाताने कुस्करून त्यावर तूप सोडायचे, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी, आणि हे सारे पळसाच्या पानांना बारीक काड्या टोचून केलेल्या पत्रावळीवर. या जेवणात हुद्दा टिकत नाही. साहेबांनाही डोळ्यांतून पाणी काढत धुरापाशी बसावे लागते, आणि कणीक कुणाची चांगली मळली यावरून शिपाई त्यांना दोन शब्द ऐकवू शकतो. जेवण झाल्यावर पत्रावळी उकिरड्यात जातात, राख वाफ्यात जाते, आणि मागे उचलायला काही राहत नाही. अलीकडे मात्र तेथेही बाजारातले चकचकीत मुलाम्याचे द्रोण शिरू लागले आहेत, कारण पळसाची पाने आणायला आदल्या दिवशी कुणाला तरी जावे लागते. ते जाणे हाच खरे तर समारंभाचा पहिला अंक असतो, आणि तोच आपण विकत आणून गाळतो.

तेव्हा ज्या कुणा उत्साही कारकुनाकडे पुढच्या निरोपसमारंभाची वर्गणी जमा होत असेल, त्याला माझी विनंती एवढीच आहे. पळसाची पाने आणण्याच्या यादीत पहिले नाव कार्यालयप्रमुखांचे घालावे, मावशींना त्या दिवशी पाहुण्यांच्या रांगेत बसवून पहिले ताट वाढावे, आणि टेबले पुन्हा जागेवर लागेपर्यंत झाडू जेवणाऱ्यांच्याच हातात राहू द्यावा.