शेवटच्या गाठीचे दायित्व

पिसे आणि रेशीम यांची बांधलेली नखाएवढी कृत्रिम माशी वाहत्या पाण्यावर अलगद उतरवून ट्राउट माशाला भुलवण्याची जी विद्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्रवाहांवर शतकानुशतके परिणत होत आली, तिच्या साधनांची चर्चा निघाली की काठीच्या लवचिकतेविषयी, रिळाच्या घडणीविषयी आणि माश्यांच्या नाना प्रकारांविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या चार-पाच गाठींवर हा सारा संभार विसंबलेला असतो, त्यांच्याविषयी तितक्याच आस्थेने बोलणारा क्वचित आढळतो. ही उपेक्षा मला अक्षम्य वाटते, कारण गाठीच्या बाबतीत झालेल्या हयगयीची खरी किंमत हयगय करणारा भरत नाही. ती मासा भरतो.

आपल्याकडच्या गळाला शिशाचे वजन असते आणि त्या वजनामागून दोरी जाते. वर सांगितलेल्या विद्येत, म्हणजे फ्लाय-फिशिंगमध्ये, माशीला जवळजवळ वजनच नसल्यामुळे हा क्रम उलटतो: वजन दोरीत असते, फेकावी लागते ती दोरी, आणि माशी तिच्या मागोमाग निमूटपणे जाते. म्हणूनच ही दोरी एकसलग असू शकत नाही. रिळावर प्रथम राखीव सुताचा साठा, ज्याला बॅकिंग म्हणतात. त्याला जोडलेली जाड, वजनदार फ्लाय-लाइन. तिच्या टोकाला क्रमाक्रमाने निमुळता होत जाणारा पारदर्शक लीडर. लीडरच्या टोकाला टिपेट नावाचा अत्यंत बारीक तंतू. आणि सर्वांत शेवटी माशी. टिपेटची जाडी सांगण्याची पद्धतही लक्षात ठेवण्याजोगी आहे: अकरा ह्या संख्येतून टिपेटचा ‘एक्स’ अंक वजा केला, की उरते ती इंचाच्या हजाराव्या भागांतील जाडी. अर्थात ‘५ एक्स’ टिपेट म्हणजे इंचाचे सहा हजारांश, मिलिमीटरच्या मापात सुमारे ०.१५. ह्या साखळीतील पहिले सांधे घरी, निवांतपणे, हंगामातून एखाद्या वेळी जुळवले तरी चालते. शेवटचे दोन मात्र, टिपेटचा आणि माशीचा, नदीकाठी दिवसभरात पुनःपुन्हा नव्याने बांधावे लागतात, आणि नेमके तेच सर्वांत नाजूक असतात.

गाठींचा इतिहास हा मूलतः तंतूंचा इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून गाठ निवडण्याचा अधिकार कोणाला येतो असे मला वाटत नाही. आयझॅक वॉल्टनचा ‘द कंप्लीट अँग्लर’ हा ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध झाला आणि १६७६ सालच्या आवृत्तीत डव्ह नदीकाठच्या चार्ल्स कॉटनने त्याला कृत्रिम माशीवरचा आपला भाग जोडला, तेव्हा दोरी होती ती घोड्याच्या शेपटीच्या केसांची; अनेक केस एकत्र पिळून ती जाड करीत, आणि गळाकडे येता येता एकेक केस कमी करीत. पुढे रेशमाच्या किड्याने केसाची जागा घेतली. स्पेनमधील मुर्सिया प्रांतात कोश विणण्याच्या बेतात आलेले किडे शिरक्यात बुडवून ठेवीत, मग त्यांच्या पोटातील रेशमाच्या ग्रंथी हातांनी ताणून त्यांचा एकसंध, चिवट तंतू काढीत, आणि ह्या ‘गट’वर युरोपातील अँग्लरांच्या, म्हणजे हौसेने गळ टाकणाऱ्यांच्या, कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. परंतु एका किड्यापासून निघणारा धागा फूट-सव्वा फुटापलीकडे फारसा जात नसे. नऊ फुटांचा लीडर करायचा तर असे अनेक तुकडे एकमेकांना बांधणे प्राप्त होई, आणि प्रत्येक जोडावर गाठ येई. शिवाय कोरडा गट काचेसारखा ठिसूळ असल्यामुळे गाठ मारण्यापूर्वी तो पाण्यात भिजवून मऊ करून घ्यावा लागे. दोन सारख्या जाडीचे तंतू समोरासमोर गुंडाळून सांधणाऱ्या ‘ब्लड नॉट’ची महती ह्याच गरजेतून वाढली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरी क्रांती झाली, ती गळाच्या टोकाला. तोपर्यंत माशी बांधतानाच गटचा एक तुकडा गळाच्या दांडीवर रेशमाने कायमचा बांधून टाकीत. तो तुकडा झिजला की माशीही निकामी होई. नेढे असलेले गळ प्रचारात आले, आणि माशी हव्या त्या क्षणी सोडण्या-बांधण्याची मुभा मिळाली. त्याबरोबरच नेढ्याला तंतू कसा बांधावा हा प्रश्नही उभा राहिला. हॅम्पशर परगण्यातील टेस्ट नदीकाठच्या न्यूटन स्टेसी गावचे मेजर टर्ल यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘टर्ल नॉट’ ही त्या प्रश्नाची एक देखणी सोडवणूक होती. तंतू नेढ्यातून ओवून त्याचा फास करायचा आणि तो फास माशीच्या डोक्यावरून नेऊन नेढ्यामागे, तिच्या मानेवर, बसवायचा. त्यामुळे ओढ सरळ दांडीच्या रेषेत येते आणि माशी पाण्यावर वाकडी तरंगत नाही. वर किंवा खाली वळलेल्या नेढ्याच्या गळाला ही गाठ आजही शोभते.

मग १९३८ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने नायलॉनची घोषणा केली, आणि थोड्याच वर्षांत रेशमाच्या किड्याचे राज्य संपुष्टात आले. हवी तितकी लांबी, एकसारखी जाडी, भिजवण्याची कटकट नाही: गुण सगळेच होते. पण नायलॉन गुळगुळीत होते. गटच्या किंचित खरखरीत अंगावर जी गाठ बेलाशक टिकत असे, ती ह्या नव्या तंतूवर ओढ बसताच सरकू लागली. साधी टर्ल नॉट निसटू लागली म्हणून तिच्या फासाच्या गाठीला दुहेरी वेढा द्यावा लागला. जेथे कमी वेढ्यांवर भागत असे तेथे पाच वेढे आवश्यक ठरले. स्टॅनली बार्न्स यांनी १९४७ साली गट आणि नायलॉन ह्या दोन्ही तंतूंतील गाठींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते ह्याच संक्रमणाच्या ऐन मध्यावर. गाठ ही वाडवडिलांची वहिवाट म्हणून चालवता येत नाही. तंतू बदलला की तिची फेरतपासणी करावी लागते. आज फ्लुओरोकार्बनचा तंतू वापरणाऱ्यांनाही हा नियम तितकाच लागू आहे, कारण तो नायलॉनहून कडक असतो आणि त्याचे वेढे घाईने आवळले तर नीट बसत नाहीत.

प्रश्न निवडीचा आहे, आणि येथे माझे मत बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांहून भिन्न आहे. क्लिफर्ड अ‍ॅशली यांच्या १९४४ सालच्या गाठींच्या महाकोशात साडेतीन हजारांहून अधिक नोंदी आहेत. तो ग्रंथ विद्वत्तेचा नमुना आहे. परंतु नदीवर जाणाऱ्याने त्या वृत्तीचे अनुकरण करू नये. नवशिका दहा-बारा गाठी अर्धवट शिकतो, प्रत्येकीसमोर छापलेली बळाची टक्केवारी पाठ करतो, आणि ऐन वेळी कोणतीच त्याच्या बोटांना धड आठवत नाही. ती टक्केवारी खोटी नसते, पण ती सराईत हाताने, चांगल्या उजेडात, मेजावर बांधलेल्या गाठीची असते. नदीत गुडघाभर पाण्यात उभे असताना बोटे गारठलेली असतात, प्रकाश मावळत असतो, आणि समोर मासा वर येत असतो. त्या परिस्थितीत जी गाठ निर्दोष बांधता येईल तीच बळकट, मग कोष्टकात तिचा क्रमांक कितवाही असो.

म्हणून मी तीनच गाठींची शिफारस करतो. माशी बांधण्यासाठी पाच वेढ्यांची क्लिंच, जिला इंग्लंडात ‘हाफ ब्लड’ म्हणतात, आणि तिचे टोक पुन्हा फाशात अडकवण्याची दक्षता. टिपेट जोडण्यासाठी सर्जन्स नॉट: दोन्ही तंतू शेजारी-शेजारी ठेवून त्यांचा एकत्र फास करायचा आणि टिपेट व लीडरचे टोक दोन्ही मिळून त्यातून दोनदा काढायची. ब्लड नॉट हिच्याहून सुबक असते हे मान्य आहे, पण ती दोन तंतूंची जाडी जवळजवळ सारखी असावी असा आग्रह धरते, आणि सर्जन्स नॉट असमान जाडी निमूटपणे खपवून घेते. तिसरी, न आवळणाऱ्या फाशाची गाठ, जी अमेरिकेतील लेफ्टी क्रे यांनी लोकप्रिय केली: मोठी माशी ह्या मोकळ्या फाशात जिवंत माशासारखी हालत राहते, आणि महासीरसारख्या दांडग्या माशासाठी हीच योजावी. अगदी लहान माशीसाठी वेल्समधील डेव्ही वॉटन यांच्या नावाची डेव्ही नॉट जरूर शिकावी. तिला टिपेटही फार थोडे लागते. पण ती चौथी. पहिल्या तीन हातात मुरेपर्यंत तिच्याकडे वळू नये. फ्लाय-लाइन आणि लीडर यांचा सांधा जाणत्या माणसाकडून करून घेतला किंवा कारखान्यात जोडून आलेला फास वापरला, तरी माझी हरकत नाही.

शिकण्याच्या कामी आरंभ जाड सुती दोरीवर आणि मोठ्या कडीवर करावा, कारण बारीक तंतूवर वेढ्यांची गती डोळ्यांना दिसत नाही आणि जे दिसले नाही ते बोटांना उमगत नाही. क्लिंच बांधताना वेढे एकमेकांवर चढता कामा नयेत; ते शेजारी-शेजारी, ओळीने बसले पाहिजेत. एक वेढा दुसऱ्यावर चढला की ओढ बसताच तो खालच्या वेढ्याला कापू लागतो. आवळण्यापूर्वी गाठ ओली करावी, कारण कोरडे नायलॉन नायलॉनवर घासले गेले की उष्णता निर्माण होते आणि त्या क्षणिक उष्णतेने तंतू आतून दुबळा होतो. मग एकसारख्या, सावकाश ओढीने गाठ बसवावी. झटका देऊ नये. बसल्यावर एकदा निग्रहाने ओढून तिची खातरजमा करावी, आणि शंकेला यत्किंचितही जागा उरली तर ती कापून पुन्हा बांधावी. हा सराव संध्याकाळी दिवा बारीक करून, आणि पुढे दिवा मालवून करावा: शेतकरी अंधाऱ्या गोठ्यात जनावराचे दावे ज्या सहजतेने बांधतो, ती सहजता बोटांत उतरेपर्यंत.

तुटलेले टोक टाकून देण्याआधी पाहण्याची सवयही लावून घ्यावी. टोकाला डुकराच्या शेपटीसारखा कुरळा पीळ दिसला तर गाठ तुटली नाही, सरकली, असे निश्चित समजावे. म्हणजे दोष बांधणीचा. टोक सरळ तुटलेले असेल तर तंतू कोठे तरी खडकावर घासला गेला असावा किंवा माशाचे बळ त्याच्या शक्तीपलीकडचे असावे. वाऱ्याने टिपेटवर आपोआप पडणारी साधी गाठ तर दिसताक्षणी कापून टाकावी. ती तंतूची शक्ती जवळजवळ निम्म्यावर आणते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पकडलेला मासा पाण्यात परत सोडण्याची रीत आज बहुतेक सुजाण अँग्लर पाळतात, आणि ती पाळण्यातच ह्या छंदाचे नैतिक समर्थन आहे. पण गाठ सुटली की ही रीत पाळण्याची संधीच हिरावली जाते. मासा जबड्यात गळ आणि मागे लोंबता तंतू घेऊन खोल पाण्यात जातो. तो गळ कधी गळून पडेल, तंतू कोणत्या मुळाला गुंतेल, ह्यावर आपला कोणताही ताबा उरत नाही. काटा नसलेला गळ वापरावा, तो लवकर निघतो, हा उपाय मी आग्रहाने सांगतो. तथापि तो गाठीतील कुचराईची भरपाई नव्हे. गाठ आवळल्यावर कापलेले नायलॉनचे टोकसुद्धा नदीकाठी टाकू नये. ते वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पाखरांच्या पायांत गुंतते.

हे सारे मराठी वाचकापुढे मांडण्याचे प्रयोजन असे, की आपल्या शहरांतून हिमाचलातील तीर्थन नदीकडे किंवा काश्मीरच्या ओढ्यांकडे जाऊन, मत्स्य खात्याचा रीतसर परवाना काढून, ट्राउटमागे काठी धरणारे लोक आता आहेत. तेथील ट्राउट हा मूळचा परदेशी मासा, ब्रिटिश अमदानीत विलायतेहून अंडी आणून वाढवलेला. महासीर मात्र आपला आहे: कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर १८३९ साली जे लिहिले, त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महासीराचे शास्त्रीय वर्णन आहे, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापासून त्याची पैदास करून पिल्ले नद्या-तलावांत सोडण्याचे काम चालवले आहे. ज्या माशासाठी कोणी इतक्या वर्षांची मेहनत घेतली, त्याच्या तोंडात आपल्या ढिलाईने गळ राहावा, हे मला सहन होत नाही.

सोबत वाटाड्या घेतला तर तो आपुलकीने पाहुण्याची माशी बांधूनही देतो. त्याच्याकडून शिकावे, त्याच्या बोटांकडे लक्ष ठेवावे, पण ‘माशी मला बांधू द्या’ अशी त्याला विनंती करावी आणि बांधलेली गाठ त्याला तपासायला द्यावी. ज्याला ह्या तीन गाठी अंधारात, कोणाच्या मदतीवाचून बांधता येत नाहीत, त्याने आणखी काही दिवस घरी दोरीवर सराव करावा, आणि नंतरच पाण्यात उतरावे.