जुनी वस्तू घरात ठेवावी का? उजनीकाठचे उत्तर

उजनी धरणाचे पाणी फार खाली गेले की पळसदेवचे पळसनाथ मंदिर आणि कुगावच्या इनामदार वाड्याचे अवशेष उघडे पडतात. अशा वेळी एखादा कोरीव दगड घरी नेण्याचा मोह होतो. फेंगशुईनुसार जुन्या वस्तूत आधीच्या मालकाची ऊर्जा टिकते. आपल्याकडे भंगलेली मूर्ती घरात नको म्हणतात. म्हणजे एक जण शोभेसाठी मूर्ती उचलतो, दुसरा भीतीने ती पुन्हा पाण्यात सोडतो. दोन्हीकडून नुकसान इतिहासाचेच.

शुभ-अशुभ हा श्रद्धेचा भाग. कायदा मात्र स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या दगडी, धातूच्या वा लाकडी शिल्पाची नोंदणी आवश्यक आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

गाव उठताना सोबत आणलेले आजीचे जाते, पितळी हंडा घरात खुशाल ठेवावा. वीरगळ मात्र जागेवरच राहू द्यावा. फोटो काढावा, तहसील कार्यालयाला कळवावे. जागा सुटली की तो दगड कोणत्या गावाचा, हे सांगणारे कोणी उरत नाही.