पान दिसते, पण ते वाचता येते काय?

‘पडद्यावर जसे दिसेल तसेच पान तयार होईल’ या आश्वासनावर वेबपाने बनविणाऱ्या सॉफ्टवेअरचा व्यवसाय उभा राहिला. व्हर्मीर या कंपनीचे ‘फ्रंटपेज’ मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतले. १९९७ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाचे ‘ड्रीमवीव्हर’ आले. एचटीएमएल ही वेबपानाची भाषा न शिकताही संकेतस्थळ काढता येऊ लागले आणि संगणकवर्गांना नवा अभ्यासक्रम मिळाला. आता चार वाक्यांत मागणी सांगितली की कृत्रिम बुद्धिमत्ता अख्खे पान मांडून देते. तेव्हा पान बांधण्याची प्राथमिक कामे शिकविण्याची गरज उरली आहे काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. मात्र आजवर या नावाखाली जे शिकविले गेले, ते पुन्हा शिकवून भागणार नाही.

ही कामे मोजकीच आहेत. संकेतस्थळाचे सारे साहित्य एका फोल्डरमध्ये ठेवणे, पानाला शीर्षक देणे, मथळे व परिच्छेद मांडणे, चित्र घालणे, दुवे जोडणे आणि शेवटी सर्व काही सर्व्हरवर चढविणे. शिकविताना मात्र भर राहिला तो कोणत्या मेनूतील कोणते बटण दाबायचे यावर. परिणाम उघड होते. चित्र स्वतःच्या संगणकातील ‘सी ड्राइव्ह’वरून जोडले जाई, बनविणाऱ्याला ते दिसे, इतरांना रिकामी चौकट. शीर्षक द्यायचे राहून जाई आणि ‘अनटायटल्ड डॉक्युमेंट’ हे ड्रीमवीव्हरचे ठरावीक नाव घेऊन पाने जगभर फिरत. मथळा म्हणून अक्षरे मोठी आणि ठळक केली जात. तो मथळा आहे, ही खूण पानात कोठेच नसे.

मराठीत तर या फसगतीचे आणखी एक रूप पाहायला मिळाले. युनिकोड रुळण्यापूर्वी मेनूतून देवनागरी फॉन्ट निवडला की पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलमध्ये साठविली जात ती रोमन अक्षरांची चिन्हे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराची लक्तरे होत आणि शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नसे. दिसणे आणि असणे यांतील हे अंतर बटणांच्या शिक्षणात कधी कळलेच नाही.

शिवाय ही बटणे तरी टिकली काय? फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती २००३ ची. २००६ मध्ये ते बंद झाले. त्याने घातलेले अर्ज आणि भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारे आकडे ज्या खास सर्व्हर-सुविधेवर चालत, ती हटताच निकामी झाले. ॲडॉबीचे ‘गोलाइव्ह’ २००८ मध्ये थांबले. फ्रंटपेजचा वारस ‘एक्स्प्रेशन वेब’ मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सोडून दिला, तर ॲडॉबीने ‘म्यूझ’चा विकास थांबवीत असल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. याउलट, टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे निर्माण केलेल्या पहिल्या संकेतस्थळाची साधी पाने आजच्या ब्राऊझरमध्येही सहज वाचता येतात. अवजारे गेली; शीर्षक, मथळा, परिच्छेद आणि दुवा या खुणा मात्र राहिल्या.

या खुणा म्हणजे केवळ तांत्रिक सोवळेपणा नव्हे. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या मदतीने मथळ्यांवरूनच पान चाळतो. चित्राला पर्यायी मजकूर नसेल, तर त्याच्या लेखी ते चित्र नसतेच. ‘वेबएम’ या संस्थेने २०२५ मध्ये दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासली, तेव्हा सुमारे ९५ टक्के पानांत सुगम्यतेच्या सहज ओळखता येणाऱ्या त्रुटी आढळल्या. फिकट अक्षरे आणि पर्यायी मजकुराविना चित्रे या त्यांतील प्रमुख होत. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती-तंत्रज्ञानातील सुगम्यता हा कायद्याचा विषय केला आहे. मराठी पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली, तर स्क्रीन रीडरला योग्य आवाज निवडता येतो आणि तशी सोय असलेला फॉन्ट ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे दाखवू शकतो. एका शब्दाची ही नोंद. पण ती अनेकदा ‘इंग्रजी’ अशीच राहून जाते.

दृश्य साधनांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनीच सामान्य माणसाला प्रकाशक बनविले. ड्रीमवीव्हरमध्ये तर पान आणि त्यामागील एचटीएमएल शेजारी शेजारी पाहण्याची सोय होती. तिचा उपयोग शिकविण्यासाठी किती झाला, हा खरा प्रश्न आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत तोच प्रसंग पुन्हा आला आहे. यंत्र पान मांडील, चित्राचे वर्णनही सुचवील. परंतु ते चित्र त्या ठिकाणी कशासाठी आहे आणि कोणता मथळा प्रमुख, हे पान ज्याचे आहे त्यालाच ठाऊक असते.

म्हणूनच अभ्यासक्रम बदलण्याआधी परीक्षा बदलली पाहिजे. विद्यार्थ्याचा फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडावा. चित्रे व सजावट बंद करून पान वाचावे. माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने प्रत्येक दुव्यापर्यंत पोहोचावे. याला ना महागडे सॉफ्टवेअर लागते, ना नवी प्रयोगशाळा. या तीन कसोट्यांना उतरणारे पान कोणत्या साधनाने बनविले, हे मग विचारण्याचे कारण राहणार नाही.