आधी बंदूक जुळवा!

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. तो पराक्रम निव्वळ नजरेचा नव्हे. तिथे दुर्बीण चालत नाही; दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे! म्हणून आधी दस्ता खांद्याला, गालपट्टी गालाला जुळवावी. मान ताणावी लागू नये. मग गोळ्यांचा पुंजका पाहावा. तो घट्ट असून बाजूला पडला, तर दोष साइटचा, ती फिरवावी. विखुरला, तर साइटला हात न लावता श्वास आणि घोडा दाबण्याची रीत तपासावी.

आपण मात्र एन.सी.सी.च्या फायरिंगला हाती येईल ती रायफल देतो आणि पाच गोळ्यांत मुलाला ‘कच्चा’ ठरवतो. मित्रहो, माणूस जोखण्यापूर्वी त्याची बंदूक जुळवली होती का, एवढे तरी विचारू या!